माहेरचं रक्त

माझी सासू ही माझी सख्खी आत्या. तिने मला सून करून घेतलं तेव्हा गावभर सांगत फिरली, "घरातली पोर घरात आली, परक्याची कटकट नको." परकी सासू परवडली असती मला. तिच्याशी उघड भांडता तरी आलं असतं.

माझी पहिली मुलगी ज्ञानू गेली ती बेंबीच्या दुखण्याने. नाळ पडायचं नाव घेईना, बेंबीभोवती लाली पसरली, पोर तापाने फणफणली. मी दवाखाना म्हटलं की आत्या दारात आडवी. "पू दिसतोय काय कुठं? नाय ना? मग कसला गो दवाखाना? आमचं रक्तच असं हाय, चिघळत नाय." हे ती मान ताठ करून सांगायची. आणि मी, बावळट, ऐकत राहिले. आम्ही पोरीला रत्नागिरीला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. सुतक फिटायच्या आत आत्याने निकाल देऊन टाकला, की हा तेजूच्या, म्हणजे माझ्या, माहेरचा दोष.

आता मला मुलगा झाला. महिना होत आला तरी त्याचीही नाळ तशीच. ज्ञानू गेल्यावर आत्याने नियमच केला होता, नाळ पडल्याशिवाय बारसं नाही, म्हणून पोराला अजून नावही नव्हतं. पण या वेळी मी कुणाला विचारलं नाही. माझा नवरा विनोद रत्नागिरीत रिक्षा चालवतो, आणि आईपुढे त्याची शेळी होते. त्याला म्हटलं, आज भाडं नको, पोराला घे. एकदाचा उठला.

डॉक्टरीणबाईंनी नाळ बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमचं लग्न नात्यातलं का?" मग मुंबईला रक्त पाठवलं. अहवाल आल्यावर त्यांनी नीट समजावलं. याच्या अंगात पांढऱ्या पेशी ढीगभर आहेत, पण त्या नसेतून बाहेर पडून जखमेपाशी पोचत नाहीत. एस.टी. भरून येते आणि आपल्या थांब्यावर थांबतच नाही, तसं. पू म्हणजे जखमेवर लढून मेलेल्या या पेशीच. पेशीच पोचत नाहीत, तर पू होणार कुठून? हा दोष आईबाप दोघांकडून आला तरच आजार होतो. सौम्य असला तर माणूस मोठा होतो, हिरड्या सुजतात, दात अवेळी पडतात. आमच्या बाळाचा सौम्य नव्हता. त्याला दुसऱ्याची अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा मगज, मिळाली तरच तो वाचणार होता.

"घरातच लग्न झालंय, तर घरातच कुणाची तरी जुळेल," बाई म्हणाल्या. माझी आणि विनोदची अर्धीच जुळली. माझे बाबा येऊन रक्त देऊन गेले, त्यांचीही जुळली नाही. राहिली आत्या.

"मी नाय येणार," आत्या म्हणाली. "माझ्या रक्तात काय नाय. दोष असलाच तर तुझ्या माहेरचा. तिकडं शोध."

हे तिने पडवीत ऐकवलं, शेजारच्या चार बायका बाळाला बघायला आल्या होत्या त्यांच्यासमोर. माझं डोकं फिरलं.

"आत्या, माझं माहेर कुठलं गो?"

ती आत जायला वळली.

"सांग की. माझ्या बापाचं घर ना? तो तुझा कोण?"

एका बाईला हसू फुटलं, तिने पदर तोंडाला लावला. आत्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? ज्ञानू गेल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. आणि मग बाबांनी रक्त देताना सांगितलेलं मी बाहेर काढलं.

"तुमचा एक भाऊ तान्हा असताना गेला. धाकू. तू त्याला कडेवर घेऊन फिरायचीस म्हणे. त्याची नाळ कधी पडली?"

"गप बस, तेजू."

"कधी पडली?"

आत्या खांबाला धरून खाली बसली. "पडलीच नाय," ती म्हणाली. "नाळेसकट पुरायला नेलं त्याला."

म्हणजे हिला माहीत होतं. ज्ञानूची नाळ रोज तेल-हळद लावून हीच बघत होती, आणि हिला सगळं आठवत होतं. माझ्या पोरीपेक्षा हिला आपल्या घराण्याची अब्रू मोठी वाटली. मी तिला वाटेल ते बोलले. इथे लिहिण्यासारखं त्यात काही नाही. शेवटी विनोदच पुढे झाला. जन्मात पहिल्यांदा तो आईला म्हणाला, "ऊठ. रिक्षा बाहेर हाय."

रत्नागिरीपर्यंत ती माझ्या शेजारी बसून होती. एकदा तिने बाळाच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे केला. मी बाळ दुसऱ्या मांडीवर घेतलं.

रक्त घ्यायला बसलेल्या मुलीने विचारलं, "बाळाच्या कोण तुम्ही?"

"आजी."

"आईकडच्या की वडिलांकडच्या?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी बाळाचं दुपटं नीट केलं. तिचं तिलाच बोलू दे म्हटलं.

तिने दंडावरचा पदर बाजूला केला आणि हात टेबलावर ठेवला.

"दोन्हीकडची," ती म्हणाली.