शकूचे वाफे

घाटकोपरच्या पुढे रुळांलगत जो हिरवा पट्टा दिसतो, तो आम्ही कसतो. रेल्वेचा परवाना चंद्रप्रकाश शेठच्या नावावर, कंबर आमची. निम्मा पाला त्याचा, निम्मा आमचा. आमच्या गावाकडे याला बटई म्हणतात. शेठ पार्टनरशिप म्हणतो. असला पार्टनर वैऱ्यालाही मिळू नये.

भांडण पाण्याचं होतं. नाल्याचं पाणी उपसून पालकाला द्यायचं आणि दिवसभर त्यातच उभं राहायचं. खाजवून खाजवून पोटऱ्या सोलल्या होत्या. बोअर मारून द्या, असं शेठला किती वेळा सांगितलं. तो हो म्हणायचा आणि गाडीत बसायचा. शेवटी आम्ही पाच घरांनी ठरवलं, बोअर होईपर्यंत कापणी बंद. पालक जून झाला की त्याला कोणी विचारत नाही. आमचंही नुकसान होतं, पण शेठला तेवढंच कळतं.

अडचण शकूची होती. तिचा नवरा खंडू हॉस्पिटलात होता आणि ती त्याच्या उशाशी.

"शकूचा काय करूचा?" लवूने विचारलं. तो मालवणकडचा, आमच्यात सगळ्यात विचारी.

"तिला सूट," मी म्हणाले. "तिचे वाफे आपणच कापू. सावड समजा."

सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. कोणी आजारी पडलं तर परतफेडीचं बोलायचंही नाही. आईबापापासून बघत आलो, त्यात विचार कसला करायचा? संध्याकाळी सगळ्यांनी मिळून शकूचा पालक कापला, जुड्या बांधल्या, टेम्पोत चढवल्या. आपण किती चांगले, असंही वाटलं. डोकं कुणीच चालवलं नाही.

सकाळी शेठ आला. आम्ही बांधावर हात बांधून बसलो होतो.

"शकूचा माल बाजारात पोचला," तो म्हणाला. "तिला अक्कल आहे. तिचे वाफे तिला राहतील. तुम्ही सोमवारपासून येऊ नका, माझ्याकडे दुसरी माणसं आहेत."

आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता. खरं सांगावं तर शकूचेही वाफे जाणार.

तेवढ्यात शकूच आली, घरून खंडूचे कपडे घेऊन. आधी तिने कापलेले वाफे पाहिले, मग मला.

"नंदा, कुणी कापलं?"

गप्प बस, असं मी डोळ्यांनी खुणावलं. तिने तिकडे लक्षच दिलं नाही.

"आम्हीच गं," मी हळूच म्हणाले. "तुझ्यासाठी."

"मला विचारलंस? नवरा आजारी पडला म्हणून मी तुमच्यातली राहिले नाही का? माझ्या पोटऱ्या काय लाकडाच्या आहेत?"

मग ती शेठकडे वळली. "शेठ, मी नाही कापलं. माझीपण कापणी बंद आहे."

मनातल्या मनात मी तिला शिव्या घातल्या. खंडूच्या औषधांचं काय, ते तरी बघायचं होतं. आणि तरीही माझा ऊर भरून आला.

"मग तूही येऊ नकोस," शेठ म्हणाला.

शकूने मान हलवली. कपड्यांची पिशवी घेऊन ती बांधावर आली आणि तिने माझ्या खांद्याला कोपर लावलं.

"सरक की जरा," ती म्हणाली. "मला कुठे बसायचं?"