अर्ध्या डोळ्याचा ओंडका

मी एक ओंडका बोलतोय, आणि रागानं बोलतोय. ज्यांना शांत, शहाण्या लाकडाची गोष्ट ऐकायची असेल त्यांनी एखाद्या देवळाच्या खांबाकडे जावं.

माझा जन्म डोंगरातला. मी आणि अण्णा एकाच झाडाचे. बुंध्याकडचा तो, शेंड्याकडचा मी. म्हणून तो थोरला, मी धाकटा. लॉरीत पडून आम्ही समुद्रकाठच्या मणलकुप्पम गावी आलो. कन्नियप्पननं आम्हाला तासलं, टोकं निमुळती केली. आमच्यासारखे चार ओंडके दोरीनं आवळले की त्यांचं कट्टुमरम होतं. खिळा एकही नाही. समुद्रातून परत आलं की दोऱ्या सोडायच्या आणि प्रत्येकाला वाळूत वेगळं वाळत टाकायचं, नाहीतर आम्ही पाणी पिऊन जड होतो. रोज सुटायचं, रोज बांधून घ्यायचं.

मधले दोघे आम्ही भाऊ. बांधताना अदलाबदल होऊ नये म्हणून कन्नियप्पननं आमच्या सांध्यावर तापल्या सळईनं एक डोळा काढला. अर्धा अण्णाच्या अंगावर, अर्धा माझ्या. चटका बसला तसा मी किंचाळलो.

"गप रे," अण्णा म्हणाला. "आता आपण दोघांनी मिळून बघायचं."

आमचं बोलणं माणसांना ऐकू येतं, पण त्यासाठी ओल्या लाकडाला कान लावावा लागतो. मोठ्यांना तेवढी फुरसत नसते. कन्नियप्पनची लेक अंजलै आणि तिचा दोस्त मायवन यांना होती. दोघं अण्णावर पालथी पडायची आणि त्याला कोडी घालायची. मायवन लबाडी करायचा, मग अंजलै त्याला वाळूत लोळवायची, आणि अण्णा पोटातल्या पोटात हसायचा. त्याचं हसणं मला दोरीतून कळायचं.

मग ती सकाळ आली. आदल्या संध्याकाळी कन्नियप्पननं मला तासायला झोपडीमागे नेलं होतं. परत आणलं तर अण्णाची जागा रिकामी. वाळूत त्याच्या आकाराचा खड्डा, ओढत नेल्याची खूण पाण्यापर्यंत, आणि पुढे नुसतं पाणी.

गावाला चोर शोधायला वेळ लागला नाही. मायवनची आई सेल्लम्मा किनाऱ्यावर वडे तळायची. वाहून आलेली लाकडं गोळा करून ती चूल पेटवायची.

"काय गं सेल्लम्मा, आज वडे फार खमंग झालेत! कुणाचं कट्टुमरम सारलंस चुलीत?"

सगळ्यांसमोर हे पहिल्यांदा बोलला पक्किरी. गावातलं सगळ्यात मोठं ओढजाळं त्याचं. लोक हसले.

सेल्लम्मानं झारा आपटला. "ये ना, चुलीत डोकं घालून बघ! मिशा जळाल्या तर मात्र बोंब मारू नकोस."

दुसऱ्या दिवशी तिच्या वड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. तीन ओंडक्यांवर कन्नियप्पनला समुद्रात जाता येईना. तो राग लेकीवर निघाला. "त्या पोराशी पुन्हा बोललीस तर तंगडं मोडीन!"

मायवन तरीही आला. लपतछपत, होडीआडून.

"आम्ही गाव सोडतोय," तो म्हणाला. "अम्मानं भांडी बांधली. उद्या मावशीकडे."

"तुम्ही चोर नाही, मग पळता कशाला?"

"तुझ्या अप्पाला विचार."

अंजलै त्याला मारायला धावली, आणि मग त्याला धरून रडायलाच लागली. रडता रडता तिनं माझ्यावर घागरभर पाणी ओतलं नि कान लावला. "तुझा अण्णा कुठंय? लवकर सांग. नाहीतर माझा दोस्त जातोय."

"मला समुद्रात घाला," मी म्हणालो. एका झाडाची लाकडं एका पाण्यात उतरली की एकमेकांना ओढतात. हे माणसांना माहीत नाही. चोरालाही नव्हतं.

तेव्हा किनाऱ्यावर पक्किरीचं जाळं ओढणं चाललं होतं. दोन दोऱ्या, दोन टोळ्या, अर्धं गाव एकेका दोरीला. थोड्या अंतरावर ही दोघं मला ढकलत होती.

"मायवन, जोर लाव ना!"

"लावतोय! हा तुझ्या अप्पासारखाच आहे, जागचा हलत नाही."

पाणी अंगाला लागलं आणि मी हादरलो. अण्णा एका जागी नव्हताच. हाका येत होत्या त्या ओळीनं, अर्ध्या गोलात, शेकड्यानं. पक्किरीच्या जाळ्याला वर तरंगवणारे ते नवे काळे बोये! त्यातला प्रत्येक बोया माझा भाऊ होता.

"कापलं रे मला," एक तुकडा म्हणाला. "डांबर फासलं," दुसरा म्हणाला. "ज्याचं जाळं, त्यानंच," तिसरा म्हणाला.

माझ्यातलं सगळं झाड पेटून उठलं. "अण्णा!" मी ओरडलो. "सगळे इकडे या! त्यालाही घेऊन या!"

बोये वळले. लाटेविरुद्ध, दोरीविरुद्ध, सगळे माझ्या दिशेनं. जाळं वाकडं झालं. किनाऱ्यावरच्या माणसांच्या टाचा वाळूत नांगरासारख्या चालल्या. पक्किरी जाळ्यामागे गळाभर पाण्यात होता.

"ओढा रे गाढवांनो! झोप लागली का?"

"मालक, आम्ही कुठं ओढतोय? जाळंच आम्हाला ओढतंय!"

त्यानं जाळं धरायला हात घातला आणि जाळ्यानं त्यालाच गुंडाळलं. "खाली ने त्याला," मी अण्णाला म्हणालो. "तळाला ने." मनापासून म्हणालो. पण बोये बुडत नाहीत. बुडू नयेत म्हणूनच त्यानं ते कापले होते, आणि तेवढ्यानंच तो वाचला.

डोक्यावर खेकडा, कानात शेवाळ अशा थाटात पक्किरी दोन पोरांच्या पायाशी येऊन पडला. गाव धावत आलं. अंजलैनं शिंपल्यानं एकेका बोयाचं डांबर खरवडायला घेतलं. मायवन पुढचा हातात देत होता. शेवटी एकावर जळकी रेघ दिसली. तिनं तो तुकडा माझ्या अंगाला भिडवला. डोळा पूर्ण झाला आणि पक्किरीकडे बघू लागला.

"लाकूडच तर होतं!" पक्किरी पुटपुटला. "जुने बोये वादळात गेले. आता डोंगरात जाऊन कोण आणणार?"

गर्दीतून सेल्लम्मा झारा घेऊन आली. "लाकूडच होतं ना? मग मला चोर म्हणताना ते कुणाचं होतं?"

गावाच्या नाट्टारनं, म्हणजे मुखियानं, जाळं काढून घेतलं आणि शिक्षा दिली: यापुढे सेल्लम्माच्या चुलीचं सरपण पक्किरीनं गोळा करायचं. कन्नियप्पन मायवनसमोर उकिडवा बसला. "घरी ये रे. हवं तर तंगडं माझं मोड." सेल्लम्मानं बांधलेली भांडी सोडली. कढई सगळ्यात आधी काढली.

त्यांचं सगळं नीट झालं. माझं नाही. पोरांनी बोये वाळूत ओळीनं मांडून अण्णा पुन्हा जुळवायचा प्रयत्न केला. पण करवतीनं जो भुसा केला तो कुठून आणणार? ती मांडणी अण्णापेक्षा आखूडच राहिली.

आता त्याच्या जागी नवा ओंडका आहे. बिचारा चांगला आहे. मी त्याच्याशी बोलत नाही. कट्टुमरम बांधताना अंजलै अर्ध्या डोळ्याचा तुकडा न विसरता माझ्या कडेला खोचते. एवढ्याशा तुकड्याला फार बोलणं जमत नाही. मी रागावलो की तो म्हणतो, "गप रे." तेवढंच.

ओढाताणीत एक बोया सुटून वाहत गेला. तुमच्यापैकी कुणाला, कुठल्याही किनाऱ्यावर, लाटेविरुद्ध जाणारा काळा बोया दिसला तर त्याला घरी नेऊ नका. जाऊ द्या. तो माझ्याकडे निघालाय.

आणि पक्किरी? तो सरपण कोरड्या वाळूतूनच वेचतो. लाट आली की उडी मारून मागे सरतो. मायवन हसतो. मी हसत नाही. मी पाण्यात असलो की माझं टोक त्याच्याकडेच असतं. कन्नियप्पन वल्हं मारून दमतो, मला शिव्या घालतो, तरी मी वळतो.

"गप रे," अण्णा म्हणतो.

आजवर मी त्याचं सगळं ऐकलं. हे ऐकणार नाही.