आमच्या वाटचं अर्धं

ब्रदर एथेलबर्ट क्वाशी प्रवचन सांगत नसत, गात असत. आणि ओळ कधी पुरी करत नसत. "नदीपल्याड दिवा घेऊन..." एवढं गाऊन हात वर धरून थांबायचे. मग आम्ही बाकांवरून उसळायचो, "माझा धनी उभा!" टोबॅगो बेटाच्या डोंगरावरचं आमचं चर्च एवढंसं, पण त्या उत्तरानं छपराचे पत्रे थरथरत. अर्धी ओळ त्यांची, अर्धी आमची.

त्यांची लेक केझाया बोटीनं त्रिनिदादला विद्यापीठात शिकायला गेली. तिथे वर्गात अभ्यासाचं काम मिळालं, घरातल्या वडीलधाऱ्याची वाणी रेकॉर्ड करून जशीच्या तशी उतरवा. एआयची मदत घ्यायला मुभा होती. मात्र कुठे घेतली ते सांगायचं, आणि माणसाच्या तोंडी न बोललेलं काही घालायचं नाही.

"डॅडी, शनिवारी येते," ती फोनवर म्हणाली. ब्रदर आल्याचं पाणी पिऊन, पांढरा झगा चढवून पायरीवर बसले. पोरीच्या मानगुटीवर परीक्षा बसलेली, ती आली नाही.

"पुढच्या शनिवारी ये गं," ते हसले. "माझा गळा कुठे पळून जातोय!"

असे शनिवार सरत गेले. शेवटी तिनं एआयकडून टोबॅगोच्या उपदेशकाचं मरणावरचं प्रवचन लिहून घेतलं आणि त्यावर बापाचं नाव घातलं. शिक्षकांना ते इतकं आवडलं की विद्यापीठाच्या अंकात छापून आलं. अंक गावात पोचला त्याच आठवड्यात ब्रदर झोपेतच देवाघरी गेले.

अंत्यविधीला टँटी वर्ना, साऱ्या गावाची मावशी आणि आमच्यातली सगळ्यात तिखट जीभ, म्हणाली, "आज बाहेरचा बुवा नको. पोरी, अंकात छापलेलं डॅडीचंच वाच."

केझाया वाचू लागली. शब्द सुरेख होते. आम्ही तोंड उघडून आमच्या जागेची वाट बघत बसलो. जागा येईचना. प्रत्येक ओळ शेवटपर्यंत भरलेली.

"अगं, त्यांनी आम्हाला कधी असं गप्प बसवलं नव्हतं," टँटी म्हणाली. "आम्ही शिरायचं कुठून?"

केझायाच्या हातातला अंक खाली आला. "हे डॅडीचं नाही, टँटी. मी मशीनकडून लिहून घेतलं. मी आलेच नाही ना."

कुणी रागावलं नाही. रागापेक्षा वाईट झालं. त्यांचं खरं प्रवचन गाऊ म्हटलं, तर प्रत्येकाला आपलं उत्तरच तेवढं पाठ. त्यांचं अर्धं दर रविवारी नवं असायचं. ते कुणी धरून ठेवलंच नव्हतं. त्या दिव्याच्या ओळीपलीकडे कुणालाच काही आठवेना. तरी आम्ही गायलो. नुसती उत्तरं. मध्ये त्यांच्यापुरतं थांबायचो, आणि शवपेटीकडे बघायचो.

"विचार ना तुझ्या मशीनला," टँटी डोळे पुसत म्हणाली, "तेवढं मधलं भरून देतंय का!"

"देईल टँटी," केझाया म्हणाली. "लगेच देईल."

आणि पेटीवर डोकं टेकून ती रडली.