मी अडवलेला आवाज

मी या घरातल्या संगणकातली फायरवॉल बोलतेय. खरं तर आधी 'या, बसा' म्हणायला हवं, पण ती सवय मला नाही. कोण तुम्ही, कुठून आलात, तुम्हाला कुणी बोलावलंय, एवढंच मला विचारता येतं. उत्तर पटलं नाही की मी दार लावून घेते. आपल्याला नाकारलंय हेसुद्धा समोरच्याला कळू देत नाही. तो बापडा थोडा वेळ वाट बघतो आणि कंटाळून निघून जातो.

संगणक खोक्यातून बाहेर निघाला तेव्हा मी आत होतेच. त्या दिवशी कीबोर्डचं कौतुक झालं, पडद्यावरची पातळ फिल्म ओढायला बापलेकीत चढाओढ लागली, माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. माझी तक्रार नव्हती. मला कामातून मान वर करायला फुरसत कुठे होती? बाहेरून सारख्या थापा पडत असतात. थापा मारणारी बहुतेक माणसं नसतात, यंत्रं असतात. घरोघरची दारं ढकलत पुढे जातात आणि उघडं सापडलं की आत घुसतात. भिंतीवरचा राउटर पुढचं फाटक सांभाळतो, त्यातून जो निसटेल तो माझ्या वाट्याला. त्यामुळे स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही.

घरात माणसं दोनच. लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. बाबा आयुष्यभर बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारत असत. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठल्या गाडीला उशीर आहे, सगळं गाव त्यांच्या तोंडून ऐकायचं. निवृत्त झाल्यावरही बाजारात त्यांनी नुसता भाजीचा भाव विचारला तरी शेजारचा माणूस वळून बघायचा. हा आवाज ओळखीचा आहे, पण कुठला, ते त्याला चटकन आठवायचं नाही.

तो आवाज गेला. घशात गाठ निघाली, ऑपरेशनची घाई झाली आणि डॉक्टरांना स्वरयंत्रच काढावं लागलं. तेव्हापासून बाबा गळ्याशी मऊ रुमाल बांधून खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि काही हवं असलं की पाटीवर लिहितात. सुरुवातीला लांब लांब वाक्यं लिहायचे. मग शब्द आले. पुढे पुढे पाटी नुसतीच मांडीवर असायची.

वाचा शिकवायला येणाऱ्या बाई एके दिवशी म्हणाल्या, की बाबांचा जुना आवाज ध्वनिमुद्रित केलेला असेल आणि भरपूर असेल, तर त्यावरून यंत्राला त्यांच्यासारखं बोलायला शिकवता येतं. बाबांनी टाइप करायचं, यंत्र त्यांच्या आवाजात बोलेल. फक्त लवकर द्या, म्हणाल्या, कारण त्यांची बदली झाली होती आणि उद्याची भेट शेवटची.

आवाज होता. लेकीला तेही माहीत होतं आणि तो कुणाकडे आहे तेही. तिची आजी म्हातारपणी आंधळी झाली होती. बाबा ड्यूटीवर असले की तिला वाचून दाखवायला कुणी नसायचं. म्हणून ते सुट्टीच्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन बसत आणि पुस्तकंच्या पुस्तकं कॅसेटवर वाचून ठेवत. आजी शेवटी धाकट्या मुलाकडे, म्हणजे काकांकडे होती. ती गेली ती तिथेच. कॅसेटही तिथेच राहिल्या. आणि आजी गेल्याचं बाबांना इतक्या उशिरा कळलं, की ते पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. काकांचं नाव निघालं की बाबा उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

लेकीनं बाबांना न विचारता काकांना फोन लावला. काका म्हणाले, कॅसेट जपून ठेवल्यात, सगळ्या संगणकावरही उतरवून घेतल्यात. पण फाइली अवजड होत्या. कुठल्या तरी कंपनीच्या गोदामात दादाचा आवाज ठेवून तिथून तू उचल, हे त्यांना मान्य नव्हतं. माझ्या संगणकावरून थेट तुझ्या संगणकावर घे, म्हणाले. त्यासाठी एक प्रोग्राम दोघांनी आपापल्या घरी टाकायचा होता.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातून रजा घेतली आणि सकाळीच प्रोग्राम टाकला. हा प्रोग्राम बाहेरच्याला आत घेऊ पाहतोय म्हटल्यावर मी माझ्या रिवाजाप्रमाणे पडद्यावर चौकट काढून विचारलं, घेऊ का? नेमका तेव्हाच बाबांना ठसका लागला. तिनं फोन हनुवटीखाली दाबला, एक डोळा बाबांवर ठेवला आणि माशी हाकलावी तसं माझ्या चौकटीवर 'नको' दाबलं. माझ्यासाठी तो हुकूम झाला. मी तो यादीत लिहून घेतला: या प्रोग्रामसाठी बाहेरून येणारं सगळं अडवा.

आणि मी अडवलं. काकांचा संगणक थाप मारायचा, मी गप्प. पुन्हा थाप, पुन्हा मी गप्प. प्रोग्रामच्या कोपऱ्यातला दिवा पिवळाच राहिला. त्यावर लिहिलेलं होतं, तुमच्यापर्यंत बाहेरून कुणालाही पोचता येत नाही.

तिनं प्रोग्राम बंद करून चालू केला. संगणक बंद करून चालू केला. राउटरची पिन काढून, फुंकर मारून परत लावली. मग काकांनी वाचून दाखवलेल्या सूचना ऐकत तिनं माझ्या यादीत नवा हुकूम घातला: या प्रोग्रामला येऊ द्या. आता माझी पंचाईत झाली. एकाच प्रोग्रामबद्दल एक हुकूम येऊ द्या म्हणतो, दुसरा अडवा म्हणतो. अशा वेळी मी अडवणाराच हुकूम ऐकते, माझी घडणच तशी आहे. वरची ओळ पुसून टाक गं, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मी विचारायचं तेव्हा विचारून बसले होते. आपणहून बोलायची मला सोय नाही.

दुपार कलायला लागली तशी तिची चिडचिड वाढली. राउटरच्या पानावर एक पर्याय दिसला, येणारं सगळं याच संगणकाकडे पाठवा. तिनं तो निवडला. म्हणजे फाटक सताड उघडं. सगळ्या गावाच्या थापा एकदम माझ्या अंगावर आल्या. मी त्या थोपवत होते, तोवर तिनं दुकानातल्या संगणकवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "फायरवॉल बंद करून बघ. चाललं तर दोष तिच्यातच आहे. पण बघितलं की लगेच चालू कर, तशीच सोडू नकोस."

तिनं मला बंद केलं.

बंद केलं म्हणजे मी झोपले असं तुम्हाला वाटेल. तसं नसतं. हात मागे बांधून दाराशी उभं केल्यासारखं असतं. पहिल्याच थापेला काकांचा संगणक आत आला आणि दिवा हिरवा झाला. फाइल उतरू लागली. लेकीनं डोळे पुसले, फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि काकांना म्हणाली, की आलंय, येतंय, तुम्ही धरून ठेवा, बाबांचं सूप गाळून आणते. आणि मला तशीच सोडून ती स्वयंपाकघरात गेली.

इकडे त्या उघड्या दारातून दुसरंच कुणीतरी डोकावत होतं. फोनमधले फोटो ठेवायला तिनं एक फोल्डर नेटवर्कवरून दिसेल असं ठेवलं होतं. कुठलं तरी यंत्र त्या फोल्डरशी आलं आणि परवलीचे शब्द एकामागून एक लावून बघू लागलं. माझा जीव नुसता वरखाली होत होता. बघण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं.

पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण उमटली: तुमचा संगणक असुरक्षित आहे. ती बाबांनी पाहिली. उभी हयात सूचना देण्यात गेलेला माणूस तो, सूचना वाचल्याशिवाय राहणार कसा? ते खुर्चीतून उठले, चष्मा सावरला, लाल खुणेवर टिचकी मारली आणि 'चालू करा' दाबलं.

मी धावले. त्या यंत्राला हुसकावून दार लावलं. आणि त्याच झपाट्यात काकांनाही बाहेर काढलं, कारण माझ्या यादीत सकाळचा हुकूम तसाच होता. फाइल अर्ध्यावर थांबली. दिवा पिवळा.

"थांबलं बघ," फोनमधून काकांचा आवाज आला. "बाळ? आहेस का तिथं?"

बाबा टेबलाशी खिळल्यासारखे उभे राहिले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता. लेकीला हाक मारणं त्यांच्या हातात नव्हतं, आणि या वेळी ते दुसऱ्या खोलीतही गेले नाहीत. काकांनी पुन्हा विचारलं, कोण आहे? बाबांनी पाटीवरची पेन्सिल उचलली, जरा थांबले आणि टेबलावर एकदा ठकठक केलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दादा?"

पुन्हा ठकठक.

काकांनी घसा साफ केला. बोलू लागले तेव्हा आधी उगाचच कॅसेटबद्दल बोलले, एकीला बुरशी लागली होती, एकीची फीत तुटली होती ती जोडली. मग अडखळले.

"दादा, आई गेली ना, तेव्हा मी तुला फोन केला होता. चौकशीच्या खिडकीवरच. तू उचललास आणि थांबा म्हणालास, कारण गाडी लागली होती. मग मला तुझं पुकारणं ऐकू आलं. इतका छान आवाज लागला होता तुझा त्या दिवशी. मला बोलताच येईना. मी फोन ठेवून दिला. मग पुन्हा लावायचा धीरच झाला नाही. तू आलास, तोंडावर म्हणालास की मुद्दाम कळवलं नाहीस, आणि मी तेही ऐकून घेतलं. काय सांगणार होतो?"

बाबांचे ओठ हलले. गळ्याच्या रुमालाखालून नुसतीच हवा आली. त्यांनी पाटी ओढली, भराभर काहीतरी लिहिलं, आणि फोनवरच्या माणसाला पाटी दिसत नाही हे लक्षात आल्यावर ती तशीच धरून उभे राहिले.

लेक सूप घेऊन आली तेव्हा ती दारातच थबकली. मग पुढे होऊन तिनं पाटी हातात घेतली आणि मोठ्यानं वाचली.

"तो फोन मला आठवतो. कोण होतं, याचा मी आयुष्यभर विचार करत होतो."

सूप टेबलावरच गार झालं.

त्यानंतर काम झालं ते शांतपणे झालं. संगणकवाल्याला परत फोन लावून लेकीनं माझी यादी पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत वाचली. एकाच प्रोग्रामच्या दोन ओळी तिला दिसल्या, एक अडवा म्हणणारी, एक येऊ द्या म्हणणारी. कपाळाला हात लावून तिनं 'अडवा' पुसून टाकलं. तरी दिवा पिवळाच. मग कळलं, की 'येऊ द्या' फक्त घरच्या नेटवर्कपुरतं होतं आणि राउटर बदलला तेव्हापासून या संगणकाच्या लेखी हे घरसुद्धा सार्वजनिक जागाच होती. तिनं ते घर म्हणून लावून घेतलं. राउटरचं सताड फाटक मिटून तिथे फक्त या प्रोग्रामपुरती एक खिडकी ठेवली. फोटोंच्या फोल्डरला कुलूप घातलं. मी चालू होते आणि दिवा हिरवा होता.

संध्याकाळी पहिली फाइल पूर्ण उतरली. लेकीनं ती लावली. बाबा एका तरुण माणसाचा आवाज ऐकत बसले. तो आवाज सावकाश, शब्द न् शब्द स्पष्ट उच्चारत वाचत होता, पानं उलटल्याचा आवाज येत होता, आणि मध्येच थांबून म्हणत होता, "आई, इथवर झालं. पाणी पी, मग दुसरी बाजू लाव." बाबांनी हातानं खूण केली, बंद करू नको.

शेवटच्या भेटीला आलेल्या बाई उतरलेला आवाज घेऊन गेल्या आणि काही दिवसांनी त्यांनी यंत्र तयार करून दिलं. खोटं कशाला सांगू, ते हुबेहूब नाही. त्यातला माणूस बाबांपेक्षा कितीतरी तरुण आहे आणि त्याला ठसका लागत नाही. शेजाऱ्यांशी बाबा अजून पाटीवरच बोलतात. यंत्र ते फक्त काकांशी बोलताना लावतात, आणि काका मुद्दाम 'ऐकू आलं नाही' असं म्हणून तेच वाक्य पुन्हा बोलायला लावतात.

माझं म्हणाल तर मी आहे तशीच आहे, अस्वस्थ. ती एक खिडकी उघडी आहे आणि तिच्यातून उरलेल्या कॅसेट येतात. प्रत्येक थापेला माझा ठोका चुकतो, काका आहेत की आणखी कुणी? ही धास्ती आता जन्माची. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच आहे, की मी काही विचारलं तर हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवून वाचा. आणि मला बंद केलंत तर परत चालू करायला विसरू नका.

आज सकाळपासून काकांच्या संगणकाची थाप नाही. मी वाट पाहून दमले. लेक दुकानात गेलीये. आज खिडकीतून काहीच कसं येत नाही, असं मनात येतंय तोच खाली जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, दम खात, सामान टेकवत कुणीतरी वर येतंय. घराच्या दारावर माझा हुकूम चालत नाही. तिथे कोण आलं, कुणी बोलावलं, हे मला विचारता येणार नाही.

बेल वाजली. बाबांनी खुर्ची मागे सारली, रुमाल नीट केला आणि पाटी न घेताच ते दाराकडे निघाले.