मधली गच्ची

“नाही विझला,” सिस्टर फोनवर ठणकावून म्हणाल्या.

पलीकडे मास्तरांनी सुस्कारा सोडला. आकाशाचं वेड त्यांनीच चार गावांना लावलं होतं. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला एक दगड, ज्याला धड नावही नाही, नुसता नंबर, आज संध्याकाळी एका ताऱ्यासमोरून जायचा होता. जिथून तारा क्षणभर विझलेला दिसेल, तिथून दगडाची सावली गेली असं समजायचं. सगळ्या गच्च्यांची उत्तरं जुळवली की दगडाचा आकार कळतो.

“सिस्टर, तुमच्या अलीकडच्या गावात विझला, पलीकडच्याही गावात विझला. मधल्या तुम्हीच. डोळा लवला असेल हो. विझला असं धरून चालू का?”

सिस्टरांचा मुलगा गच्चीच्या जिन्याच्या दारात उभा होता. मागच्या महिन्यात आईची पायरी चुकली, तेव्हापासून त्याने धोशा लावला होता की तुझे डोळे गेले, आता गच्ची बंद. शेवटी मायलेकांत तह झाला. आज ताऱ्याचं विझणं दिसलं तर गच्चीची किल्ली आईकडे, नाहीतर त्याच्याकडे. आणि आता तोच कुजबुजत होता, “हो म्हणून टाक ना, आई. कोण बघायला येतंय?”

सिस्टरना त्याच्याबद्दल माया वाटली आणि त्याहून जास्त राग आला. उभी हयात वॉर्डात गेली होती त्यांची. नाडी लागत नसेल तर लागत नाही म्हणायचं, मग समोर मोठा डॉक्टर असो की पेशंटची आई.

“मास्तर, दोन्हीकडे विझला आणि मधे नाही, म्हणजे काय?”

“एकतर दगडाला मधे मोठी खाच असेल. किंवा दोन दगड जोडीने फिरत असतील. नाहीतर मग...”

“नाहीतर म्हातारीचे डोळे गेले. बोला की! जीभ का अडली?”

“तसं नाही, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना तुमचं.”

“तेही लिहा. वय लिहा, ऑपरेशन लिहा आणि खाली लिहा, नाही विझला. माझे डोळे मागनं तपासा, आधी त्या दगडाला तपासा!”

फोन ठेवून त्यांनी किल्ली मुलाच्या हातावर ठेवली.

“अगं, राहू दे. मी काय...”

“राहू दे काय? तह म्हणजे तह. तुझ्या मेहरबानीवर नकोय मला गच्ची.”

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो कामावरून आला, तेव्हा सिस्टर अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. दोन भिंतींच्या मधे हातभर आकाश होतं, तेवढ्याला त्यांनी दुर्बीण लावली होती.

“दाराचा दिवा घालव,” त्या म्हणाल्या. “डोळ्यावर येतोय.”

त्याने दिवा घालवला आणि तिथेच घुटमळत राहिला. खिशात किल्ली चाळवल्याचा आवाज सिस्टरना स्पष्ट ऐकू येत होता. त्यांनी मान खाली केली नाही.