चौथं दार

कारखान्यात लेथ चालवायचा म्हणून सगळे त्याला टर्नरच म्हणत. त्याने अकरा वर्षं खपून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटारगाडी बांधली. सांगाडा स्वतः वेल्ड केला, पत्रा स्वतः ठोकला, आणि वायरिंगने दोनदा चटके दिले तेही स्वतःच सोसले. राहिलं होतं ते फक्त आतलं काम. दारांना आतून नुसतं उघडं लोखंड. कोपर टेकलं की गार लागायचं, आणि गाडी चालू केली की असा खडखडाट, की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे.

ते काम बायकोने अंगावर घेतलं. ती बसच्या कारखान्यात सव्वीस वर्षं सीटा शिवून निवृत्त झाली होती. प्लायवुड दाराच्या मापाने कापायचं, त्यावर पातळ फोम, फोमवर रेक्झिन ताणायचं, कडा मागे वळवून सोल्यूशनने चिकटवायच्या, वरून पिना मारायच्या, की झालं पॅनेल. सांगायला सोपं. पण कोपऱ्यावर एक चुणी न राहता रेक्झिन वळवणं ज्याला जमतं, त्याच्या बोटांत देव येऊन बसलेला असतो. सुई ओवताना ती देवाचं नाव घ्यायची, आणि दोरा तुटला की जुन्या फोरमनचं.

तीन दारं झाली. तपकिरी रेक्झिन, मध्ये उभ्या शिवणींच्या पट्ट्या, कडेने पिवळसर पायपिंगचा गोट. चौथ्या, म्हणजे चालकाच्या दाराचा नमुना काढायला ती जाड कागद शोधत होती, तेव्हा टर्नरच्या बाकावर तिला एक फॉर्म सापडला. घरी गाड्या बांधणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. रविवारी त्यांचं प्रदर्शन होतं, आणि ‘एकहाती गाडी’ या गटाच्या ढालीवर टर्नरचा अकरा वर्षं डोळा होता. फॉर्मवर त्याच्या ठळक अक्षरात ओळी होत्या. सांगाडा: स्वतः. इंजिनजोडणी: स्वतः. अंतर्भाग: स्वतः.

तिने चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“अहो, अंतर्भाग म्हणजे काय असतं?”

“आतलं काम,” टर्नर गाडीखालून म्हणाला. मग गाडीखालून दिसणारे त्याचे पाय हलायचे थांबले.

“मग हे स्वतः कोण?”

“अगं, तसं लिहायचं असतं. एकहाती गट आहे ना. तू काय, मी काय, घरचंच.”

“माझी सीट उसवली की फोरमन माझं नाव घेऊन बोंब मारायचा. तेव्हा नाही कुणी म्हणालं, तू काय अन् मी काय. चुकलं तर माझं नाव, आणि जमलं तर तुमचं?”

“नाव काय डोक्यावर घेऊन नाचायचंय तुला?”

“तुम्ही ढाल घेऊन काय करणार होतात?”

आता कुणी म्हणेल, नवराबायकोत एवढ्याशावरून कशाला? पण देवाने माणसागणिक वेगळे हात दिले, त्या हातांवर वेगळ्या रेषा काढल्या, ते काही त्याला वेळ जात नव्हता म्हणून नाही.

टर्नर बाहेर आला. नाकाला ग्रीस. हातातला पाना त्याने बाकावर आपटला. “नको करूस चौथं! मी करतो. त्यात काय एवढं, कापड तर चिकटवायचंय!”

“करा की.” तिने कात्री त्याच्यापुढे सरकवली, स्टुलावर बसली आणि हाताची घडी घातली.

चाळीस वर्षं लोखंड कापलेला माणूस. लेथवर केसभर जादा राहिलं तरी नग बाद होतो. त्याने पट्टी लावून प्लायवुड तीनदा मोजलं आणि रेक्झिन नेमकं तेवढंच कापलं. कडा मागे वळवायला दोन बोटं कापड जादा सोडतात, शिवणकामात त्याला माया म्हणतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. ती बघत होती. ओठांवर आलेलं तिने गिळलं.

फोमची जाडी मध्ये आली आणि रेक्झिन चारी बाजूंनी अपुरं पडलं. डावीकडे ओढलं की उजवीकडून फोम डोकवायचा. काच खालीवर करायच्या हँडलचं भोकही त्याने हँडलएवढंच कापलं होतं. ताण बसताच त्या भोकाने आ वासला.

“बोलायचंस की आधी!”

“एकहाती आहे ना? मग मी कशी बोलणार?”

संध्याकाळी मंडळाचे चिटणीस गाडी तपासायला आले. तीन दारांवरून हात फिरवत गेले. “वा! अगदी शोरूममधून आणल्यासारखी.” चौथ्यापाशी थबकले. “आणि हे काय हो, टर्नर? ताप होता का अंगात?”

टर्नरने सुटलेली कड अंगठ्याने दाबून धरली.

“ती तीन माझी आहेत,” ती म्हणाली.

चिटणीस मोकळेपणी हसले. “माहीत आहे, वहिनी. सगळ्यांचीच शिवण घरून होते. बायकोचे हात आम्ही नवऱ्याचेच धरतो. नियमात बसतं. तेवढं चौथंही उरकून टाका, ढाल तुमच्याच घरी येतेय.”

झालं. टर्नरला फक्त मान हलवायची होती. त्याने आपल्या दाराकडे पाहिलं. तीन तास झगडून बोटांना सोल्यूशन चिकटलं होतं, अंगठ्यात पीन घुसली होती. मग त्याने बायकोकडे पाहिलं. ती नजर हटवायला तयार नव्हती.

“धरता म्हणजे?” तो चिटणिसांना म्हणाला. “हे दार माझ्या हातचं. बघा नीट. ती तीन तिच्या हातची. यात तुम्हाला एकच हात दिसत असेल तर चष्मा बदला.”

“अरे, पण फॉर्मवर ओळ एकच आहे!”

तिने त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं, त्यांनी फाइलला लावलेल्या फॉर्मवर अंतर्भागासमोरचं ‘स्वतः’ खोडलं आणि तिथे आपलं पूर्ण नाव लिहिलं, इतकं ठसठशीत की ते चौकटीबाहेर गेलं. “आता बघा बसतं का नियमात.”

बसत नव्हतं. एकहाती गटात आता गाडी घेता येणार नाही, आणि बाकीच्या गटांची मुदत संपली, असं सांगून चिटणीस फाइल मिटून गेले.

टर्नर पायरीवर बसला. “अकरा वर्षं,” एवढंच म्हणाला.

ती शेजारी येऊन बसली. “मी माघार घेणार नाही हं.”

“नको घेऊस.” तो अंगठा चोळत म्हणाला, “एका दाराचं रेक्झिन उरलंय. माझं तेवढं नीट करून देतेस?”

“मुळीच नाही. ते नीट केलं की पुन्हा सगळे म्हणतील एकाच हाताचं काम. राहू दे तसंच. मिरवू दे चारचौघांत.”

रविवारी मैदानाच्या फाटकावरच्या माणसाने पास नाही म्हणून त्यांना अडवलं. टर्नरने वाद घातला नाही. गाडी फाटकासमोरच रस्त्याच्या कडेला लावली आणि चारी दारं सताड उघडी टाकली. आत जाणारे लोक आधी तिथे थांबू लागले. एका बाईने पट्टीच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि नवऱ्याला हाक मारली. घोळका जमला.

“चालकाचं दार कुणी केलं हो?” कुणीतरी विचारलं, आणि हशा पिकला.

टर्नरने हात वर केला. “मी. स्वतः.”

“आणि ही तीन?”

त्याने तिच्याकडे बोट दाखवून तोंड उघडलं, तोच तिने त्याला कोपराने बाजूला सारलं.

“थांबा,” ती म्हणाली. “हे मी सांगते.”