मापाचं काडतूस

मी काडतूस बोलतोय. दचकू नका, कानांवर हातही ठेवू नका. माझ्या पोटात बारूद नाही आणि मागे ठिणगी पाडणारी टोपीही नाही. एक पितळी पुंगळी आणि तिच्या तोंडात बसवलेली लांबुडकी गोळी, एवढाच माझा संसार. मी उडण्यासाठी जन्मलोच नाही. माझा जन्म माप सांगण्यासाठी झाला, आणि तरी आयुष्यात एकदा मी चुकीचं माप घेऊन घराबाहेर पडलो. त्या वेळी ज्यांनी मला सांभाळून घेतलं त्यांचे आभार मानायचे आहेत, म्हणून आज तोंड उघडलं.

साल १९८६. अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावातल्या एका घराच्या तळघरात मृणालिनीने मला बनवलं. ती तेवीस वर्षांची, जन्म याच गावातला. मराठी सगळं समजायचं, बोलताना मात्र निम्मं इंग्लिश. वडील नरेंद्र डॉक्टर, आई सरलाकाकू. मुलगी हजार यार्डांवरच्या लक्ष्यावर नेम धरते हे सरलाकाकूंच्या पचनी पडलं नव्हतं. महाराष्ट्र मंडळात सगळे एकेक पदार्थ घेऊन जमत, त्या पॉटलकला कोणी विचारलं की त्या ‘आउटडोअर स्पोर्ट्स’ म्हणून विषय बदलायच्या.

मृणालिनीची रायफल तिच्या कोचने निवृत्त होताना तिला दिली होती. नळी त्याने स्वतःच्या हाताने बसवलेली, आणि आता त्याचे हात थरथरत होते. तशी दुसरी नळी मिळणार नव्हती. अडचण एकच होती. हजार यार्डांवर हलक्या गोळीला वारा उडवून लावतो, जड गोळी त्याला फारशी भीक घालत नाही. पण जड गोळी लांब असते. काडतूस जिथे बसतं ते चेंबर आणि नळीच्या पीळदार खाचा यांच्यामध्ये थोडी गुळगुळीत जागा असते, तिला घसा म्हणतात. मृणालिनीच्या रायफलचा घसा आखूड होता. लांब गोळी त्यात मावायची तर तिला पुंगळीत खोल दाबावं लागे, आणि मग ती बारुदाचीच जागा खाई.

उपाय म्हणजे घसा थोडा पुढे कापून वाढवायचा. ओहायोतल्या एका खेड्यात ओरविल नावाचा म्हातारा गनस्मिथ, म्हणजे बंदुकांचा कारागीर, हे काम करायचा. त्याने पत्रात लिहिलं होतं, ‘गोळी जिथे हवी तिथे बसवून बारूद नसलेलं एक काडतूस पाठव, मी त्याच्या मापाने कापतो. नीट बघून पाठव, जास्त कापलं गेलं तर मला लोखंड परत चिकटवता येत नाही.’

म्हणून मी. मृणालिनीने तीन संध्याकाळी मोजून मोजून माझी गोळी बसवली आणि मला कापसात गुंडाळून डबीत ठेवलं. इतकं जपून कोणी कोणाला ठेवतं का हो? मी तेव्हाच तिचा ऋणी झालो.

घरात तिचा एकच नियम होता. घरात असताना रायफलमध्ये कोणी काही घालायचं नाही, बारूद नसलेलं काडतूससुद्धा नाही. “आई, वन रूल. प्लीज,” ती म्हणायची. सरलाकाकू हातानेच ‘बरं बाई’ म्हणायच्या.

दसरा आला. नरेंद्र म्हणाले, “घरात शस्त्र आहे तर पुजू या की.” रायफल प्रथमच तळघरातून वर आली. चौरंगावर नरेंद्रांचा स्टेथोस्कोप, गाडीच्या किल्ल्या, शिवणाचं मशीन, आणि शेजारी रायफल. माझी डबीही होती. मृणालिनी सोनं म्हणून वाटायला मेपलची पिवळी पानं आणायला अंगणात गेली, नरेंद्र नारळ शोधायला गॅरेजमध्ये गेले. सरलाकाकूंनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. रायफलच्या उघड्या चेंबरपाशी त्यांचा हात थांबला.

“रिकामं कसं पुजायचं?” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

ही बाई शेजारणीचा डबासुद्धा रिकामा परत न करणारी, आत निदान चमचाभर साखर घालणारी. त्यांनी डबीतून मला उचललं, कुंकवाचं बोट लावलं, आणि मुलीला करताना पाहिलं होतं तसं मला आत सरकवून चेंबर बंद करणारा खटका पुढे दाबला. मी अडलो. घसा आखूड होता, तेच तर रडगाणं होतं! पण घट्ट झाकण लावताना लावावा तसा त्यांनी जोर लावला, आणि माझी गोळी खाचांत रुतली. हात जोडून झाल्यावर त्यांनी खटका मागे ओढला. मी निघालो, पण नळीने गोळी धरूनच ठेवली होती. माझी मान ताणली गेली आणि गोळी बाहेर सरकली. किती? दोन पोस्टकार्डांच्या जाडीइतकी. डोळ्यांना दिसणार नाही एवढी, पण नळी बिघडवायला पुष्कळ.

त्यांनी पदराने मला पुसलं आणि डबीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी मृणालिनीने डबी न उघडताच रायफलबरोबर तिचं पार्सल बांधलं. आपल्या घरातल्या माणसांवर तिचा विश्वास होता. वाटभर मी ओरडत होतो, पण पुंगळीचं ऐकतो कोण?

ओरविलने मला भिंगाखाली धरलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. गोळीवर चार बारीक ओरखडे, आणि पुंगळीच्या काठाला लाल भुकटी. मापाच्या काडतुसावर खाचांचे ओरखडे कशाला असतील? हातातला रीमर, म्हणजे घसा कापायचं हत्यार, खाली ठेवून त्याने फोन लावला. त्या वेळी मी त्याच्या तळहातावरच होतो. देव त्याचं भलं करो.

मृणालिनी कामावर होती, फोन सरलाकाकूंनी घेतला. हे काडतूस कोणी रायफलमध्ये घातलं होतं का, की आहे त्या मापाने कापू, असं ओरविलने विचारलं.

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. ‘मला माहीत नाही’ म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? एकुलता एक नियम मोडल्यावर मुलगी आईवर पुन्हा कधी विश्वास ठेवेल की नाही, हीच भीती त्यांना गप्प करत होती. मी मनात म्हणत होतो, काकू, बोला, नाहीतर पोरीच्या कोचची नळी गेली.

“डोन्ट कट,” त्या म्हणाल्या. “आय पुट इट. मी... माय डॉटर डझन्ट नो. प्लीज, डोन्ट कट.”

“थँक यू, मॅम,” ओरविल म्हणाला आणि त्याने रीमर पुन्हा पेटीत ठेवला.

शनिवारी मायलेकी चार तास गाडी चालवत आल्या. दोघींचे चेहरे पाहूनच कळलं की वाटेत फार बोलणं झालं नव्हतं. मृणालिनीने ओरविलच्या दाबयंत्रावर माझी जुनी गोळी उपसून काढली आणि नवी बसवायला घेतली. सरलाकाकू दाराशीच उभ्या होत्या.

“व्हाय, आई? एकच रूल होता.”

“तू चार लोकांसमोर पालथी झोपून नेम धरतेस, मला भीती वाटते गं. वाटलं, देवाने हे भरलेलं पाहावं, तुझं काही रिकामं राहू नये. चुकलंच माझं.”

मृणालिनीने नवी गोळी बसवली. मग तिने मापक आईपुढे धरलं. “वाच. डबल चेक हवा.” सरलाकाकूंनी चष्मा लावून आकडा वाचला. मग पुन्हा वाचला, आणि दोन्ही वेळा तोच निघाला.

ओरविल तेल घालत, हाताने, सावकाश कापत होता. थोडं कापायचं, पुसायचं, भिंगातून बघायचं. त्याचं काम संपल्यावर मृणालिनीने मला उचललं आणि आईच्या तळहातावर ठेवलं.

“तू घाल.”

“मी? आणि तुझा रूल?”

“रूल घरातला आहे. इथे तू घाल.”

सरलाकाकूंच्या बोटांना घाम आला होता, मला जाणवत होता. त्यांनी मला आत सरकवलं आणि खटका अलगद पुढे नेला.

“अडतंय?” मृणालिनीने विचारलं.

“नाही गं. काहीच अडत नाही.” आणि त्या तिथेच, लोखंडाच्या किसात, रडायला लागल्या. मृणालिनीने तेलकट हातांनीच त्यांना जवळ घेतलं.

आता मी रायफलच्या पेटीत, एका छोट्या कप्प्यात असतो. कामाला क्वचितच येतो आणि तक्रार काही नाही. एका म्हाताऱ्याने विचारल्याशिवाय कापलं नाही, एका आईने विचारल्यावर लपवलं नाही, आणि एका मुलीने पुन्हा विश्वास टाकला. बिनबारुदाच्या काडतुसाला याहून जास्त काय मिळणार? तुमच्याही हातून कुणाचं काही नकळत सरकलं असेल, तर लोखंड कापलं जायच्या आत सांगून टाका.